जूनचं मतदान डिसेंबरात

खंडू रणपिसेंना मी पहिल्यांदा पाहिलं ते शाळेच्या बंद फाटकाबाहेर, आणि खरं सांगते, तेव्हा मला त्यांचा रागच आला होता. १९९३चा जून महिना. संध्याकाळचे पावणेसहा, उकाडा असा की ऑफिसातून बाहेर पाऊल टाकलं की चष्म्यावर वाफ. आमच्या शाळेच्या कार्यकारिणीची निवडणूक पाच वाजता संपलेली. मतपेटीला लाखेचा शिक्का मारून मी घरी निघालेले, आणि फाटकाशी हा माणूस, कारखान्याचा निळा बॉयलरसूट घातलेला, गज धरून उभा.

"मॅडम, मतदान करायचं होतं."

"पाचलाच संपलं. नोटिशीत लिहिलं होतं."

"वाचली होती नोटीस," ते म्हणाले. भांडले नाहीत, विनवण्या केल्या नाहीत. आमचा चौकीदार रहिमतुल्ला मला हळूच म्हणाला, "मॅडमजी, ये हर बार आते हैं. हर बार फाटक बंद होने के बाद."

हर बार म्हणजे चार वेळा. सत्त्याऐंशी, एकोणनव्वद, एक्क्याण्णव आणि ते साल. चारदा येऊन चारदा बंद फाटक बघणाऱ्या माणसाला शहाणा म्हणावं की खुळा, हे मला त्या दिवशी ठरवता आलं नाही.

मी शाळेच्या ऑफिसात क्लार्क. शाळा बहारीनमध्ये, अरादला, हिंदुस्थानी मुलांची, पालकांनीच चालवलेली. दर दोन वर्षांनी पालक आपल्यातले सात जण निवडतात, ते सात जण फी ठरवतात, शिक्षक नेमतात, बसचे रूट आखतात. ज्याचं मूल शाळेत, त्या कुटुंबाला एक मत. मूल नाही तर मत नाही. मला स्वतःला मूल नाही, त्यामुळे आठ-नऊशे नावांची यादी टाइप करणारी मी त्या यादीत कधीच नव्हते. नवरा मनामाच्या एका बँकेत, मी अरादला, घरी दोघांचा स्वयंपाक. मला यादीचं सोयरसुतक नव्हतं. खंडूभाऊंना होतं.

का होतं, ते पुढे हळूहळू कळलं. त्या दिवसानंतर ते गुरुवारी, कारखाना अर्धा दिवस असायचा तेव्हा, दुपारी ऑफिसच्या खिडकीशी यायला लागले. आधी फीची पावती, मग घटनेची प्रत, मग नुसतेच. शाळेची घटना म्हणजे बावीस पानांची सायक्लोस्टाइल केलेली चोपडी, जी छापल्यापासून आमच्या चेअरमनसाहेबांनीही उघडलेली नव्हती. खंडूभाऊंनी ती पेन्सिलने खुणा करून पाठ केली.

ते मूळचे सिन्नरकडचे. आयटीआय करून सत्त्याहत्तर साली इथे आले तेव्हा वय वीस. तेव्हा मताचा अधिकार एकविसाव्या वर्षी मिळायचा. "मुंबईच्या विमानतळावर बसलो तेव्हा सात महिने कमी होते," ते म्हणायचे. त्यानंतर सुट्टी मिळायची ती दीड वर्षांनी, आणि सुट्टीत कधी निवडणूक आली नाही. परदेशातून मत पाठवायची सोय नाही. म्हणजे छत्तीस वर्षांचा हा माणूस, घरात बाबासाहेबांचा फोटो लावणारा, भेटल्यावर मान लववून जय भीम म्हणणारा, आणि यानं आयुष्यात एकदाही मत दिलेलं नव्हतं.

"आमची आई मतदानाला जाताना धुतलेलं लुगडं नेसायची, ताई," ते एकदा म्हणाले. मॅडमची ताई कधी झाले ते आठवत नाही. "लग्नाला ठेवलेलं. मत देऊन आली की लगेच घडी घालून पेटीत. मी विचारायचो, आये, कोणाला दिलं? तर म्हणायची, तुला काय करायचं? एवढी एकच गोष्ट होती तिची, जी ती कोणाला सांगत नव्हती."

आता त्यांना मिळू शकेल असं जगात एकच मत होतं, आणि ते आमच्या शाळेत होतं. आणि ते मिळत नव्हतं, कारण बस.

सित्र्याच्या कारखान्यात ते इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन. चारला शिफ्ट सुटायची. कंपनीची बस सगळ्यांना गोळा करून, सगळे थांबे घेत मनामाला पोचायची सव्वापाचला. तिथून टॅक्सी करून अरादला पोचेपर्यंत पावणेसहा. आमचं मतदान आठवड्यातल्या मधल्या वारी, दुपारी दोन ते पाच. रजा मागावी तर जून महिना. जूनमध्ये अर्धा कारखाना सुट्टीवर हिंदुस्थानात, उरलेले दोघादोघांचं काम करतात, त्यात शाळेच्या निवडणुकीसाठी रजा मागणाऱ्याला फोरमन हसतो. आणि ज्यांना सवड होती त्यांच्या बायकापोरांची विमानं मेअखेरीलाच उडालेली. त्र्याण्णव साली ८७१ मतदारांपैकी मत दिलं शहाण्णव जणांनी. आमच्या चेअरमनसाहेबांचे मित्र साठ. हिशेब सरळ होता.

खंडूभाऊंनी काय करावं? त्यांनी रीडिंग घेतलं. हा त्यांचाच शब्द. एक वही केली, शंभर पालकांना गाठलं, सकाळच्या बसमध्ये, जेवणाच्या शेडमध्ये, सूकमध्ये, म्हणजे बाजारात, भाजी घेताना, आणि प्रत्येकाला दोनच प्रश्न विचारले: जूनमध्ये तुम्ही कुठे असता, आणि दुपारी दोन ते पाच तुम्ही कुठे असता? शंभरातले अकरा जण बहारीनमध्ये आणि मोकळे निघाले. शहाण्णवला आठशे एकाहत्तरने भागलं तरी अकरा टक्केच येतात. ती वही मला दाखवताना त्यांचा चेहरा परीक्षेत पहिल्या आलेल्या मुलासारखा झाला होता. मी चिडवलं, "भाऊ, एवढ्या मेहनतीत तुमचं घर बांधून झालं असतं." ते म्हणाले, "घर बांधायला घेतलंय ना, ताई. ते वेगळं."

चौऱ्याण्णवच्या नोव्हेंबरात वार्षिक सभा. पन्नास सह्यांचा ठराव खंडूभाऊंनी मांडला. निवडणूक जूनमधून काढून डिसेंबरच्या पहिल्या शुक्रवारी, इथल्या सुट्टीच्या वारी, घ्यावी, सकाळी आठ ते चार. चेअरमनसाहेब गोड हसले. "रणपिसे, वेळ बदलून काय होणार? लोकांना रसच नाही."

खंडूभाऊ सभेत बोलायला घाबरायचे. पण म्हणाले, "साहेब, मीटर शून्य दाखवत असेल तर आम्ही आधी वायर बघतो. पाइपात पाणीच नाही असं लगेच नाही म्हणत."

सभागृहात हशा पिकला आणि तिथेच ठराव अर्धा पास झाला. मग कोणीतरी विचारलं, मतदारयादी कुठल्या तारखेची धरायची? आधी ती एकतीस मेची असायची. खंडूभाऊंनी त्याचाही विचार करून ठेवला होता. तीस सप्टेंबर, ते म्हणाले. म्हणजे मेनंतर नव्यानं आलेल्या मुलांच्या पालकांनाही मत मिळेल, कोणी सुटायला नको. हात वर झाले. एकाहत्तर बाजूनं, चाळीस विरुद्ध. सभेची मिनिटं मीच लिहिली. "श्री. रणपिसे यांच्या सूचनेनुसार तीस सप्टेंबर." ते वाक्य माझ्या अक्षरात अजून त्या रजिस्टरमध्ये आहे.

त्यांची मुलगी श्रावस्ती तेव्हा दहावीत. हुशार, चुणचुणीत, बापाचं मराठी सगळं कळायचं आणि उत्तर इंग्रजीत द्यायची. ते सभेहून फाटकाशी आले तर ती तिथे आईबरोबर, सुमनवहिनींबरोबर थांबलेली. "पप्पा, डिड यू विन?" तिनं विचारलं. खंडूभाऊ म्हणाले, "अजून नाही. पुढच्या वर्षी डिसेंबरात." तिनं त्यांच्या दंडाला दोन्ही हातांनी मिठी मारली. मी बघत होते. मला हेवा वाटला, लपवून काय करायचं?

श्रावस्तीला दहावीत एक्क्याऐंशी टक्के पडले. आणि मग इथल्या प्रत्येक घरात जे होतं ते त्यांच्या घरात झालं. सगळे सांगायला लागले, अकरावी-बारावी महाराष्ट्रातच करा, नाहीतर इंजिनिअरिंगला नंबर लागायचा नाही. पोरगी एकटी कशी राहणार, म्हणून आईही जाणार. पंधरा दिवसांत ठरलं. जूनच्या शेवटच्या आठवड्यात खंडूभाऊ खिडकीशी आले, शाळा सोडल्याचा दाखला मागायला.

दाखला मी भरला. नाव, जन्मतारीख, शाळा सोडल्याची तारीख, कारण. त्या तारखेवर माझं पेन थांबलं. जून. यादी तीस सप्टेंबरची. माझ्या लक्षात आलं. त्यांच्या आलं नव्हतं, कारण ते बोलत होते डिसेंबरबद्दल, शुक्रवारी कंपनीकडून बस मागितली आहे, सित्र्याचे त्रेसष्ट पालक एकदम आणणार, अर्ध्याहून जास्त मतदान होईल की नाही ताई, तुम्हाला काय वाटतं?

त्याच वेळी सांगायला हवं होतं. खिडकीशी रांग होती, पंखा बंद पडला होता, ही सगळी कारणं मी स्वतःला पुष्कळदा सांगितली आहेत. खरं कारण असं की त्यांचा तो आनंद मोडायची माझी छाती झाली नाही. शिवाय मनात म्हटलं, घटना पाठ असलेला माणूस, त्याला कळत नसेल का? मी शिक्का मारला. होईल, मी म्हणाले. अर्ध्याहून जास्त होईल.

सुमनवहिनी आणि श्रावस्ती जुलैत गेल्या. खंडूभाऊंनी मनामातला फ्लॅट सोडला आणि सूकच्या मागे एका खोलीत चौथे म्हणून राहायला गेले. बाकीचे तिघे रात्रपाळीचे. हे घरी येत तेव्हा ते निघत, ते येत तेव्हा हे निघत. "खोलीत चार खाटा आहेत ताई, पण बोलायला भिंतच," ते म्हणाले. तक्रार म्हणून नाही, नुसती माहिती म्हणून. शुक्रवारी दुपारी सिन्नरला फोन. सुमनवहिनी विचारायच्या जेवलात का, श्रावस्ती विचारायची निवडणुकीचं काय झालं. तीन मिनिटांत फोनचं कार्ड संपायचं. मग उरलेला शुक्रवार. पूर्वी शुक्रवारी ते मुलीला घेऊन अरादच्या किल्ल्याकडे यायचे, आता एकटेच येत, किल्ल्याला फेरी मारत आणि परत जात. एकदा माझ्या नवऱ्याला दिसले. हाक मारली तर दचकले म्हणे, बऱ्याच दिवसांत कोणी नावानं हाक मारली नसावी.

गुरुवारी मात्र खिडकीशी हजर. शाळेत मूल नाही, फी नाही, काम नाही. पण डिसेंबर होता ना. कोणाचं नाव यादीत चुकीचं पडेल, कोणाला बस कुठून घेईल, हे सगळं ते माझ्याशी बोलत, आणि मी मान डोलवत बसे. दर गुरुवारी म्हणायचं ठरवी, दर गुरुवारी राहून जाई. असा सप्टेंबर गेला. ऑक्टोबरात मी यादी केली. जुन्या यादीवर लाल रेघा मारत गेले, जे गेले ते खोडायचे. रणपिसे, खंडू. रेघ मारताना पट्टी धरली. का धरली कोण जाणे.

ऑक्टोबरच्या शेवटच्या गुरुवारी कच्ची यादी फलकावर लागली. खंडूभाऊ वही घेऊन आले आणि सित्र्याच्या एकेका नावासमोर बरोबरची खूण करत राहिले. मी आतून बघत होते. त्रेसष्टही नावं झाली. मग त्यांनी बोट 'र'वर नेलं. रणदिवे, रहमान, राऊत. पुन्हा वरून. रणदिवे, रहमान, राऊत.

खिडकीशी आले तेव्हा हसत होते. "ताई, टायपिंगमध्ये एक राहिलंय बघा."

"राहिलं नाही, भाऊ."

मी चोपडी उघडली नाही. उघडायची गरज नव्हती. त्यांचं हसू तसंच राहिलं, पण डोळे हळूहळू हिशेब करायला लागले. जून. सप्टेंबर. मग त्यांनी खिडकीच्या कठड्यावर हात टेकला.

"तारीख मीच सुचवली होती," ते म्हणाले.

"हो."

"जुन्या तारखेनं असतो मी यादीत. एकतीस मे."

"हो. पण मग मतदानही दोन ते पाचच असतं."

त्यावर ते खरंच हसले, मोठ्यानं, आणि मला रडू आलं. मी एकदम बोलून गेले. "भाऊ, पक्की यादी मीच टाइप करणार आहे. एक नाव वाढलं तर कोणाला कळतंय? चेअरमनसाहेब वाचतसुद्धा नाहीत. दहा वर्षं फी भरलीत तुम्ही. ही निवडणूक तुमच्यामुळे होतेय. मी टाकते."

त्यांना टाकावंसं वाटत होतं. ते त्यांच्या तोंडावर स्वच्छ दिसत होतं, तहानलेल्या माणसाला पाण्याचा तांब्या दिसावा तसं. मग त्यांनी हात कठड्यावरून काढून घेतला.

"माझं नाव टाकाल, तर उद्या चेअरमनसाहेबांच्या मेहुण्याचं का नको? नको ताई. घटनेत आहे तसं राहू द्या." दोन पावलं गेले आणि वळले. "तुम्हाला जूनमध्येच कळलं होतं ना?"

मी मान खाली घातली. "सांगायचं होतं," ते म्हणाले, एवढंच. त्यात राग असता तर मला सोपं गेलं असतं.

मला वाटलं, आता हा माणूस फिरकायचा नाही. पण एक डिसेंबरला सकाळी पावणेआठला कंपनीची बस फाटकाशी लागली. खंडूभाऊ पहिले उतरले, हातात वही. हवा छान थंड, समुद्राकडून वारा. लोक बायकापोरांना घेऊन सणाला आल्यासारखे आले. मुलं पटांगणात पळत होती, बायका डबे उघडून बसल्या होत्या, आणि रांग, आमच्या शाळेत मतदानाला रांग, ती पार फाटकापर्यंत गेली. बसनं दिवसभरात पाच फेऱ्या केल्या. प्रत्येक फेरीला ते दारात उभं राहून नावं घेत, आणि सगळे उतरले की स्वतः बाहेरच थांबत. नियम होता, मतदारांशिवाय कोणी आत यायचं नाही. रहिमतुल्लानं आग्रह केला, "अंदर आइए भाईजान, आपको कौन रोकेगा?" ते म्हणाले, "तुम रोकोगे. तुम्हारा काम है." मग रहिमतुल्लानं आपली खुर्ची बाहेर नेऊन ठेवली. ते बसले नाहीत.

दुपारी एकदा ते दिसेनात. मी खिडकीतून बघितलं तर रस्त्यापलीकडच्या फोनबूथमध्ये, पाठमोरे. शुक्रवार होता.

चारला फाटक बंद झालं. मोजणी झाली. चेअरमनसाहेब पडले, ते वेगळं. ८८० मतदारांपैकी ५६३ जणांनी मत दिलं. आकडा वाचला तेव्हा सभागृहात टाळ्या, आणि नव्या मंडळातल्या एकानं म्हटलं, या बदलाचं श्रेय आपल्या सगळ्यांच्या एकजुटीला आहे. नाव कोणीच घेतलं नाही. मी यादी तशीच टेबलावर टाकली आणि बाहेर आले.

शेवटची बस भरत होती. लोक एकमेकांना नखावरची शाई दाखवत चढत होते. खंडूभाऊ दाराशी उभे, दोन्ही हात खिशात.

"पाचशे त्रेसष्ट," मी म्हणाले.

त्यांनी डोळे मिटून भागाकार केला. "चौसष्ट टक्के." मग पुन्हा, स्वतःशीच, "चौसष्ट." त्यांचा चेहरा उजळला होता, खोटं नाही बोलणार. आणि त्या उजळलेल्या चेहऱ्याचा माणूस मी उभ्या जन्मात इतका एकटा पाहिलेला नाही.

"घरी कळवलंत?" काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं.

"दुपारी फोन केला ना. श्रावस्तीनंच उचलला." ते थोडे घुटमळले. "ताई, तुम्हाला ती कधी भेटली, पत्र वगैरे लिहिलं तिनं, तर एक करा. मी तिला सांगितलंय, मत दिलं म्हणून. खरं कळलं तर ती म्हणेल, मी शाळा सोडली म्हणून पप्पांचं गेलं. आयुष्यभर तेच धरून बसेल. पोरीचा स्वभाव तसा आहे."

मी मान हलवली.

"कोणाला दिलं, विचारत होती सारखी," ते पायरीवर पाय ठेवत म्हणाले. "म्हटलं, ते सांगायचं नसतं बाळा."